भरीत न खाल्लेले हिवाळे

परवा पिंप्राळ्याच्या बाजारात भरताची वांगी आली. फिकट हिरवी, अंगावर पांढुरक्या रेघा, एकेक वांगं तान्ह्या बाळाच्या डोक्याएवढं. भाजीवाली जुनी ओळखीची. तिनं न विचारताच तीन किलो तोलली, एका वांग्यावर बोटानं टिचकी मारून दाखवली आणि म्हणाली, "बी नाही बाई, लोणी हाये लोणी." मग पिशवीत भरता भरता आवाज खाली आणून विचारलं, "तुमचं अजून चालूच हाये का ते?"

"चालूच आहे," मी म्हटलं.

"अरे देवा," असं म्हणून तिनं वर चार मिरच्या फुकट टाकल्या.

दर वर्षी हे असंच होतं. जळगावात थंडी पडली हे मला हवेवरून कळायच्या आधी लोकांच्या या प्रश्नावरून कळतं. चौदा हिवाळे झाले, मी भरीत खाल्लेलं नाही. बाहेरगावच्या माणसाला वाटेल, एक भाजी खाल्ली नाही, त्यात काय एवढं. पण आमच्याकडे थंडीत भरीत न खाणं म्हणजे गावात राहून गावाशी अबोला धरणं. डिसेंबर लागला की बारसं असो, वास्तुशांत असो, कुणाच्या निवृत्तीचा निरोप असो, पंगतीला भरीत-पुरी. ऑफिसची सहल शेतात जाते ती भरतासाठी, आणि रुसलेले भाऊ एका सतरंजीवर येतात तेही भरतासाठीच. मी तिथं कडेला बसते आणि लोणच्याशी पुरी खाते. नवीन माणूस काळजीनं विचारतो, "डॉक्टरांनी सांगितलंय का?" मी म्हणते, "नाही, फुटबॉलमुळे." यावर पुढे कुणी काही विचारत नाही.

घरी मात्र भरीत होतं, आणि ते मीच करते. गच्चीवर शेगडी पेटवते, वांगी भाजते. साल फुटून आतला रस निखाऱ्यावर पडला की चर्र आवाज येतो आणि शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी "झालं का हो?" विचारतं. हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, सगळं माझ्या हातानं. चव तेवढी माझा नवरा, विलास, बघतो. तो ओट्याशी तळहात पुढे करून उभा राहतो, मी त्यावर बोटभर भरीत ठेवते. "मीठ?" "किंचित." "तिखट?" "बास." पूर्वी या माणसाला वरणात मीठ आहे की नाही तेही कळत नसे. चौदा वर्षांत त्याची जीभ तयार झाली आणि माझी गेली. आता भाजलेल्या वांग्याचा वास नाकाशी येतो, आत जात नाही. तोंडाला पाणी सुटायचं कधी थांबलं, ते मला सांगता येणार नाही.

हे सगळं नानांमुळे. नाना म्हणजे आमच्या फुटबॉल संघाचे मालक. संघाला कागदोपत्री एक देखणं नाव आहे, पण ते खुद्द खेळाडूंनाही पूर्ण सांगता येत नाही. सगळे म्हणतात, केळीवाल्यांचा संघ. नाना मूळचे रावेरकडचे. गाड्या भरून केळी उत्तरेत पाठवायच्या, हा त्यांचा धंदा, आणि नशिराबादला हायवेलगत त्यांचं शेत. संघ त्यांनी तरुणपणी काढला. तेव्हापासून मालक तेच, निवड समिती तेच, आणि सामना हरल्यावर "पुढच्या वर्षी पाहू" म्हणणारेही तेच.

मी मुलींच्या शाळेत खेळ शिकवते. माझे वडील भुसावळला रेल्वेत होते. रविवारी सकाळी ते मला सायकलच्या दांडीवर बसवून मैदानावर न्यायचे आणि सामना संपेपर्यंत एक शब्द बोलायचे नाहीत. फुटबॉल बघताना बोलू नये, हे मी त्यांच्याकडून शिकले आणि पुढे साफ विसरले. लग्न होऊन जळगावात आले तर इथं बघण्यासारखा संघ एकच, नानांचा. सासर आणि संघ एकाच वर्षी मिळाले. सासरशी पुढे जमलं.

जानेवारीत धुळ्याची स्पर्धा असते. सकाळी साडेपाचला नानांची रिकामी गाडी निघायची. केळीला मार लागू नये म्हणून ट्रकमध्ये वाळलेली पानं पसरतात, त्याच पानांवर खेळाडू आणि आम्ही अठरा-वीस पाठीराखे मांडी घालून बसायचो. अंगाखाली पानं कुरकुर वाजायची. वर ताडपत्री, तिच्या फटीतून थंडी सुरीसारखी यायची. कोणी कोणाची शाल ओढून घ्यायचा. पाठीराख्यांत बाई मी एकटी, पण मला कुणी कधी ड्रायव्हरशेजारी पुढे बस म्हटलं नाही, याचं मला फार बरं वाटायचं. पारोळ्याला चहा. कपाची ऊब बोटांत यायची तोवर धुळं जवळ आलेलं असायचं.

धुळ्याच्या त्या मैदानावर गवत नावाला नाही. काळी माती, तिच्यावर फक्कीनं आखलेल्या पांढऱ्या रेषा, पळापळ सुरू झाली की पहिल्या पाच मिनिटांत रेषा पुसल्या जातात आणि उरलेला सामना पंचांच्या भरवशावर. मैदानाच्या दारात एक चहावाला आहे. तो आम्हाला बघितलं की खूश होतो.

"नाना उनात का?" तो पहिला प्रश्न विचारतो. नाना आलेत म्हटलं की सगळं धुळं त्यांना कसं मानतं ते सांगतो, "बठ्ठं धुळं त्यास्ले मानस. ताई, एक सांगू? तुमना नानाले बदलू नका बरं. आमले तुमना मालक असाच पायजे. भला माणूस शे."

टोमणा मला कळायचा. पण त्यातलं शेवटचं वाक्य खरं होतं, हीच खरी अडचण होती.

नाना भले होते. बूट त्यांनी एकदाच ठोकात आणले, सगळे आठ नंबरचे. ज्यांचे पाय लहान ते पुढे कापूस कोंबायचे, आणि कापसाला आमच्याकडे काय तोटा. आमचा सर्वांत चपळ पोरगा पुढे खेळायचा. त्याची आई नानांना भेटून म्हणाली, पुढे फार लाथा लागतात हो त्याला. नानांनी त्याला दुसऱ्या दिवशी मागे बचावात टाकलं. ज्याच्या घरी नुकतं बाळ झालं असेल त्याला कॅप्टन करायचे, घरात आनंद आहे म्हणून. अकराजण कोण, हे सकाळी ट्रकपाशी ठरायचं. नाना एकेकाचा चेहरा बघायचे आणि विचारायचे, "झोप झाली का रे?" ज्याची झोप झाली तो संघात. या माणसानं वाईट हेतूनं कधी काही केलं नाही. त्यामुळे त्यांच्यावर रागावणं हे फार कष्टाचं काम होतं.

तरी आम्ही रागवायचो. एका वर्षी आम्ही सगळ्यांच्या सह्या घेऊन एक निवेदन तयार केलं. नाना, तुम्ही संघासाठी पुष्कळ केलंत, आता निवड दुसऱ्या कुणाकडे सोपवा, असं सभ्य भाषेत. मसुदा माझा, अक्षर माझं. नानांच्या घरी गेलो तर त्यांचा चष्मा सापडेना. म्हणाले, "तूच वाच बाई." मी त्यांच्याच ओसरीवर, त्यांच्याच चहाचा कप हातात घेऊन, त्यांनी बाजूला व्हावं हे त्यांना वाचून दाखवलं. नानांनी मान डोलावत सगळं ऐकलं. शेवटी म्हणाले, "लिहिलं मात्र झकास हाये. शाळंत पोरींले बी असंच शिकवते का?" मग जेवायला थांबवलं.

जेवणाचंच तर सगळं होतं. धुळ्याहून परतताना गाडी जळगावात न थांबता थेट नशिराबादच्या शेतावर जायची. तिथं दुपारपासून कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजत असायची. दोन माणसं लाकडी बडगीत भरीत ठेचत असायची, त्याचा धप धप आवाज बांधापासून ऐकू यायचा. केळीची हिरवीगार पानं मांडलेली, ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या पुऱ्यांची टोपली झाकलेली, आणि नाना धोतराचा सोगा खोचून वाढायला उभे. हरलो की भरीत, जिंकलो की भरीत. धुळ्याहून निघताना संताप उकळत असायचा. एरंडोलपर्यंत तो कोमट व्हायचा, आणि पहिल्या घासाला त्याचं काय व्हायचं ते ज्यानं त्यानं आठवून बघावं. खाल्ल्या मिठाला जागणारी आम्ही माणसं. बोटं चाटून झाल्यावर कोण कुणाला जाब विचारणार?

मग ते वर्ष आलं. भुसावळचे एक निवृत्त रेल्वेवाले नानांना कुठंतरी भेटले आणि म्हणाले, मी पोरांना शिकवतो, पैसे नकोत. आम्ही त्यांना कोचसर म्हणायचो. पावसाळ्यापासून ते रोज पहाटे शिट्टी घेऊन हजर. त्यांनी पोरांना पळवलं, झोपेबद्दल एकदाही विचारलं नाही, आणि बुटांचे नंबर बदलून आणायला लावले. नशिराबादचा सुनील नावाचा एक पोरगा नानांच्या गाड्या भरायचा. दिवसभर केळीचे घड खालून वर फेकायचे, वरच्यानं झेलायचे, असं ते काम. वर झेलणारा सुनील. कोचसरांनी त्याला एकदा काम करताना पाहिलं आणि गोलमध्ये उभं केलं. घड झेलताना केळ्याला डाग पडू द्यायचा नसतो. चेंडू सुनीलच्या हातात तसाच यायचा, आवाज न करता. मी मैदानाच्या कडेला उभी राहून ते बघायची आणि मला वडिलांची आठवण यायची. त्या हिवाळ्यात मी फुटबॉल बघताना बोलत नव्हते.

धुळ्यात आम्ही एकामागून एक सामने जिंकलो. चहावाल्यानं आमच्याशी बोलणं कमी केलं. अंतिम सामना संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी होता, आणि आमचा संघ पहिल्यांदाच तिथवर पोचला होता. रात्री झोपेत मी लाथा मारत होते, असं विलास सांगतो. माझी मुलगी मुक्ता तेव्हा पहिलीत होती. तिच्या मैत्रिणी तिळगूळ मागायला आल्या, तर मी त्यांना सुनीलचे बचाव हातवारे करून समजावून सांगत होते.

पुढे जे झालं ते मला नंतर नानांच्याच घरून कळलं. नानांच्या धाकट्या मुलीचं लग्न त्याच वर्षी झालं होतं. पहिली संक्रांत म्हणून जावई इंदूरहून आले होते. पंगतीत नाना उद्याच्या सामन्याबद्दल सांगत होते. जावई आपला काहीतरी बोलायचं म्हणून बोलला, "मीही कॉलेजात गोलकीपर होतो." झालं. नाना म्हणाले, "मंग उद्या तुम्हीच उभे राहा." आता सासऱ्यानं पहिल्या संक्रांतीला दिलेला मान जावई नको कसा म्हणणार? आणि जेवता जेवताच जावयाचा पडलेला चेहरा बघून नानांनाही चूक कळली म्हणे, पण एकदा दिलेला मान जावयाकडून परत कसा घेणार? रात्रभर दोघंही जागे होते. कोणी एकानं तोंड उघडलं असतं तरी आम्ही वाचलो असतो. पण आमच्याकडे माणूस आग्रहानं मरेल, नाही म्हणणार नाही.

सकाळी ट्रकपाशी कोचसर नानांशी पाच मिनिटं बोलले. मग ते खेळाडूंपासून लांब, एकटे पुढे जाऊन बसले. सुनीलला कुणी काही सांगितलं नाही. त्याला ते धुळ्यात, जावयाच्या अंगात आपला शर्ट बघून कळलं.

आमच्यावर पाच गोल झाले. दर गोलनंतर जावई नानांकडे वळून हात जोडायचा, आणि नाना खुर्चीतून ओरडायचे, "काही हरकत नाही जवाईबापू!" मध्यंतरात बाकीच्यांना लिंबूपाणी आणि जावयासाठी थर्मासमधून केशरी दूध आलं. ते दूध त्या बिचाऱ्याच्या घशाखाली उतरेना. त्याच्यावर मला राग आला नाही, आजही येत नाही. सुनील गोलखांबाच्या मागे हातमोजे घालून बसला होता. सामना संपला, बक्षिसं वाटून झाली, ट्रक सुटला, तरी मोजे त्याच्या हातात तसेच.

परतताना ट्रकमध्ये आम्ही शपथ घेतली. आज शेतावर कुणी जेवायचं नाही. अठराच्या अठराजणांनी केळीच्या वाळल्या पानावर हात ठेवून कबूल केलं. पानात कुणी जेवायचं नाही, पाण्यालाही शिवायचं नाही, नानांनी विचारलं की सगळ्यांनी एका आवाजात सांगायचं, संघ सोडा. बेत चांगला होता. फक्त तो पहाटेपासून उपाशी असलेल्या माणसांनी, हिवाळ्यात, भरताच्या दिशेनं जाताना केला होता. पारोळ्याला सगळे ठाम होते. एरंडोलला एकजण म्हणाला, पाणी तरी प्यायला काय हरकत आहे. जळगाव ओलांडून नशिराबादच्या वळणावर आलो आणि ताडपत्रीच्या फटीतून भाजलेल्या वांग्यांचा वास आत आला. ट्रक थांबला तेव्हा सगळे माझ्याकडे न बघता उतरले आणि हात धुवायला गेले.

मीही बसले. समोर केळीचं पान आलं. नाना वाढत वाढत माझ्यापाशी आले, वाफाळतं भरीत पळीत घेतलेलं, वर तेलाचा तवंग. डावीकडे अकरा खेळाडू, उजवीकडे सतरा शपथवाले, सगळ्यांच्या माना खाली. सुनील बांधावर बसला होता. मी पानावर आडवा हात धरला.

"काय झालं वं बाई?" नानांनी विचारलं.

मी उभी राहिले. शाळेच्या मैदानावर चारशे मुलींना ऐकू जातो तो आवाज माझा. म्हटलं, "नाना, जोवर तुम्ही या संघाचे मालक आहात, तोवर मी भरताला तोंड लावणार नाही."

बडगीतला धप धप आवाज थांबला. नाना पळी धरून तसेच उभे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आल्यासारखं मला वाटलं, पण तो धूरही असेल. मग ते म्हणाले, "मंग पुऱ्या तरी खाय."

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. मीही बसले आणि दोन पुऱ्या लोणच्याशी खाल्ल्या, कारण भूक मलाही लागली होती. माझी शपथ फार तर आठवडाभर टिकेल, अशी लोकांची अटकळ होती.

कोचसर त्याच आठवड्यात मुलीकडे नागपूरला निघून गेले. नाना मालक राहिले. पुढच्या जानेवारीत संघ पहिल्याच सामन्यात हरला. संध्याकाळी आमच्या दारात नानांचा ड्रायव्हर उभा, हातात स्टीलचा डबा. आत भरीत, वरच्या कप्प्यात पुऱ्या. "नानांनी पाठवला. म्हणे, बाई आल्या नाही शेतावर." मी फणकाऱ्यानं म्हटलं, परत ने. सासूबाई तेव्हा होत्या. त्या म्हणाल्या, "अन्न परत पाठवत नाहीत." भरीत विलास आणि मुक्तानं खाल्लं. डबा रिकामा परत देता येत नाही म्हणून मी त्यात तिळाचे लाडू भरून दिले. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा डबा आला, पुन्हा लाडू गेले. तेरा वर्षं हा डबा येतो आणि जातो. नाना माझ्याशी जन्माचं वैर करायला तयार नाहीत, आणि मला एकटीला ते जमत नाही.

राग टिकवायला काहीतरी नवं लागतं. आमच्याकडे दर वर्षी तेच व्हायचं. सुरुवातीला मी धुळ्याहून आले की घरात भांडी आपटायची. मग नुसतीच गप्प राहायला लागले. मग गप्प राहणंही संपलं, येताना भाजी घेऊन यायला लागले. सतरा शपथवाल्यांपैकी काही पुण्याला गेले, काहींना क्रिकेट बरं वाटलं, दोघं वारले. आता ट्रकऐवजी एक छोटा टेम्पो जातो आणि त्यात जागा उरते. सुनीलनं हायवेवर पंक्चरचं दुकान टाकलं. माझ्या स्कूटीचं चाक तोच काढतो. एकदा मी त्याला विचारलं, "तुला नानांचा राग येत नाही?" टायर पाण्यात फिरवत, बुडबुडा शोधत तो म्हणाला, "ताई, जवाई होते ना." जसं काही पाऊस पडला म्हणून सामना रद्द झाला होता.

दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर आपल्याच गालाला हात लावला तरी तो दुसऱ्या कुणाचा वाटतो. माझं तसं झालंय, हे मला मागच्या जानेवारीत कळलं. धुळ्यात आमच्या एका पोरानं लांबून सुरेख गोल मारला. त्या वर्षातला आमचा एकुलता एक. शेजारचे दोघंतिघं नाचायला लागले. मी टाळ्या वाजवल्या. हात वाजत होते, ऐकू येत होतं, आत काही हललं नाही. मला त्याचं वाईटही वाटलं नाही. पाच मिनिटांनी तिकडून दोन गोल झाले, तेव्हाही तसंच. येताना टेम्पोत मी मागे वळून बघत बसले. कापसाची रिकामी शेतं, पऱ्हाट्यांचे ढीग.

मुक्ता आता इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीत आली होती तेव्हा म्हणाली, "आई, तुला राग नक्की कशाचा आहे? पाच गोलांचा, सुनीलकाकांचा, की बाकीचे जेवायला बसले त्याचा?" मी खरं सांगितलं, "आठवत नाही." ती म्हणाली, "मग खा ना." मी म्हटलं, "खाल्लं तरी काय होणार आहे?" भांडण नव्हतं. आम्ही दोघी चहा पीत होतो.

तर परवा वांगी आणली. काल रविवार. गच्चीवर शेगडी पेटवायला निघाले तर खाली रिक्षा थांबली. नाना उतरत होते. ड्रायव्हर नाही, कुणी नाही, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात तो डबा. अजून डिसेंबरसुद्धा अर्धा झाला नव्हता, स्पर्धेला महिना होता. जिना चढायला त्यांना दहा मिनिटं लागली. चौदा वर्षांत ते आमच्या घरी पहिल्यांदाच आले होते. किती वाळलेत. कानात यंत्र. विलासनं खुर्ची दिली, पाणी दिलं. नानांनी डबा टेबलावर ठेवला आणि स्वतःच पुऱ्यांचा वरचा कप्पा काढून खालचं भरीत दाखवलं. वाफ नव्हती. थंड झालं होतं.

"बाई," ते म्हणाले, "मी आता मालक नाही. सोडला संघ. आता तरी खाय."

या वाक्यासाठी मी चौदा हिवाळे थांबले होते. विलास माझ्याकडे बघत होता. मी आत जाऊन ताटली आणली, बोटभर भरीत त्यात घेतलं. आता काहीतरी वाटेल म्हणून मी वाट बघितली. जिंकल्यासारखं, निदान सुटल्यासारखं. काही नाही. भरताकडे बघताना माझ्या तोंडून निघालं ते भलतंच.

"मग यंदा गोलमध्ये कोण?"

नाना यंत्रावर हात ठेवून म्हणाले, "आं?"

मी मोठ्यानं विचारलं, "नवा मालक कोण, नाना? धुळ्याला गोलमध्ये कोण उभं राहणार?"

नानांनी काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरली. "कोनी नाही वं. घरची पोरं म्हनता, आता बस करा. दोन महिने हिंडलो. बंगल्याबंगल्यात गेलो. शाळंवाल्यांले इचारलं, गाळेवाल्यांले इचारलं. फुकट देतो म्हनलं. कोनीच घेत नाही बाई." मग ते थोडे हसले. "धुळ्याले पत्र धाडाचं राह्यलंय, यंदा आमचं नाव घेऊ नका म्हनून. तुह्यं अक्षर चांगलं हाये. तूच लिहून दे."

खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. विलासनं गॅलरीतून त्याला थांब म्हणून हात केला. मी ताटलीतलं भरीत बघत बसले. हा घास खाल्ला की माझी शपथ पुरी झाली. मग संघ नाही, धुळं नाही, पारोळ्याचा चहा नाही, आणि जानेवारीत दारात हा डबा नाही. मला दुःख झालं असं म्हणणार नाही, कारण झालं नाही. हात मात्र आपले आपण चालले. मी ताटलीतलं भरीत चमच्यानं पुन्हा डब्यात सरकवलं, वरचा कप्पा लावला, दाबून बसवला आणि डबा नानांच्या पुढ्यात ठेवला.

"मी भरीत खात नाही, नाना," मी म्हटलं. "तुम्ही मालक आहात तोवर नाही."

नाना डब्याकडे बघत राहिले. त्यांना ऐकू आलं नसावं असं वाटून मी पुन्हा सांगणार होते, तोच त्यांनी डब्याचा वरचा कप्पा काढून माझ्यासमोर सरकवला.

"मंग पुऱ्या तरी खाय," ते म्हणाले.